अकॉस्टिक गिटारवरील फ्लॅटपिकिंग : उजव्या हाताच्या लयीची साधना

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील जॉन्सन सिटी परिसरात वाजवणाऱ्या एका नृत्यबँडपुढे साधीच अडचण उभी राहिली होती. लोकांना ‘स्क्वेअर डान्स’साठी फिडलच्या पारंपरिक धुना हव्या असत आणि बँडमध्ये फिडलवादक नसे. फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजणारे व्हायोलिनच. ही उणीव बँडमधील दृष्टिहीन गिटारवादकाने भरून काढली. फिडलच्या द्रुत धुना त्याने इलेक्ट्रिक गिटारवर स्वर-न-स्वर बसवल्या. पुढे त्याच धुना त्याने साध्या, लाकडी, पोलादी तारांच्या गिटारवर वाजवून दाखवल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांना गिटारचे एक नवे रूप दिसले. या वादकाचे नाव आर्थेल ‘डॉक’ वॉटसन. ज्या वादनशैलीला त्यांच्यामुळे मोठी ओळख मिळाली, ती ‘फ्लॅटपिकिंग’.

अंगठा व तर्जनीत धरलेल्या एका चपट्या पिकने पोलादी तारांच्या अकॉस्टिक गिटारवर धून, तिची साथ आणि या दोहोंना जोडणाऱ्या स्वरपंक्ती वाजवणे, अशी या शैलीची व्याख्या करता येईल. बोटांनी तारा छेडण्याच्या ‘फिंगरपिकिंग’ पद्धतीत अंगठा आणि इतर बोटे कामे वाटून घेतात. फ्लॅटपिकिंगमध्ये सारा भार एकाच पिकवर, म्हणजे पर्यायाने उजव्या हातावर पडतो. नवशिक्याचे लक्ष मात्र बहुधा डाव्या हाताच्या धावत्या बोटांकडे असते आणि तो वेगाच्या मागे लागतो. अनेकांची प्रगती पहिल्या वर्षातच खुंटते, त्याचे एक मोठे कारण हेच.

परंपरेचा उगम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या आग्नेय भागातील ॲपलाचियन डोंगराळ प्रदेशात नृत्यसंगीताची मुख्य वाद्ये फिडल आणि बँजो ही होती. गिटारचा आवाज त्यांच्यापुढे कोता पडे, म्हणून तिच्याकडे तालाची बाजू आली. व्हर्जिनियातील कार्टर कुटुंबाच्या मेबेल कार्टर यांनी या मर्यादेतून वाट काढली. १९२७ साली ब्रिस्टल येथे या कुटुंबाचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. मेबेल अंगठ्याने खालच्या सप्तकातील तारांवर धून वाजवत आणि बोटांनी वरच्या तारांवर कॉर्डचा ठेका धरत. पिक हाती नसले तरी एकाच गिटारवर धून आणि साथ मिळून वाजू शकते, हे त्यांच्या ‘वाइल्डवुड फ्लॉवर’सारख्या ध्वनिमुद्रणांनी घरोघर पोहोचवले. या वादनाच्या घडणीत लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाचा वाटा होता. तसेच ब्लूग्रास संगीताचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्यावर अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा प्रभाव होता. डोंगराळ गोऱ्या वस्तीचे म्हणून ओळखले जाणारे हे संगीत प्रत्यक्षात अनेक हातांनी घडले आहे.

मन्रो यांच्या चमूत १९४५ साली दाखल झालेल्या लेस्टर फ्लॅट यांनी ब्लूग्रासमधील तालगिटारीला घाट दिला. गाण्याची ओळ संपताच खालच्या तारांवरून झरझर वर येणारी त्यांची स्वरपंक्ती ‘जी-रन’ नावाने रूढ झाली. आजही ब्लूग्रास शिकणारा प्रत्येक गिटारवादक ती आधी आत्मसात करतो.

डॉक वॉटसन यांचा जन्म ३ मार्च १९२३ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. १९६० साली लोकसंगीताचे अभ्यासक राल्फ रिन्झलर यांच्याशी त्यांची गाठ पडली, तेव्हाही ते इलेक्ट्रिक गिटारच वाजवत होते. १९६३ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात त्यांचे वादन गाजले आणि १९६४ साली त्यांच्या नावाचाच ध्वनिमुद्रणसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील ‘ब्लॅक माउंटन रॅग’ने एक पिढी या शैलीकडे वळवली. त्याच वर्षी ‘केंटकी कर्नल्स’ या चमूचा ‘ॲपलाचियन स्विंग’ हा संग्रह आला. त्यात क्लॅरेन्स व्हाइट या तरुण वादकाने तालाशी खेळणारे, अनपेक्षित जागी थबकणारे वादन केले. १९७३ साली मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली सापडून व्हाइट यांचा अकाली मृत्यू झाला. त्यांची १९३५ सालची मार्टिन डी-२८ गिटार पुढे टोनी राइस यांच्याकडे आली. राइस यांनी १९७०च्या दशकापासून या शैलीला जॅझच्या जवळ नेले. वॉटसन २०१२ साली आणि राइस २०२० साली निवर्तले. २०१७ साली मॉली टटल या आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा सर्वोत्तम गिटारवादकाचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. बिली स्ट्रिंग्ज यांच्यामुळे आजच्या तरुण श्रोत्यांपर्यंत ही परंपरा पोहोचली आहे.

वाद्य, तारा आणि पिक

या शैलीसाठी पोलादी तारांची गिटार लागते. नायलॉनच्या तारांची शास्त्रीय गिटार येथे उपयोगी पडत नाही, कारण पिकच्या आघाताला तिच्याकडून हवा तो टणत्कार मिळत नाही. मोठ्या पेटीची, रुंद कमरेची ‘ड्रेडनॉट’ ही परंपरेने पसंत केलेली घडण आहे. तिचा खर्जाचा आवाज भरदार असतो आणि फिडल-बँजोच्या गजरात तो हरवत नाही. नवशिक्याने महागड्या वाद्याचा आग्रह धरू नये, मात्र तारांची उंची अवश्य तपासावी. बाराव्या फ्रेटपाशी सर्वांत जाड तार फ्रेटपासून सुमारे अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तार सुमारे दोन मिलिमीटर वर असली, तर बोटांना त्रास होत नाही आणि तार फ्रेटवर घासून खरखरतही नाही. तारा फार उंच असलेली गिटार शिकणाऱ्याची बोटे आणि हुरूप दोन्ही मोडते. दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडून ही उंची कमी करून घेता येते.

बारीक तार ०.०१२ इंचाची असलेला ‘लाइट’ संच सुरुवातीला योग्य. मुरलेले वादक ०.०१३ इंचाचा ‘मीडियम’ संच वापरतात. त्याचा आवाज दणकट असतो, पण गिटार तो ताण पेलणारी आहे का, हे आधी पाहावे लागते.

पिकच्या बाबतीत नवशिक्याचा अंदाज बहुधा चुकतो. कॉर्ड झंकारण्यासाठी दुकानात मिळणारे पातळ, लवचीक पिक सोपे वाटते, परंतु एकेक स्वर वाजवताना ते वाकते आणि परत येईपर्यंत पुढच्या आघाताची वेळ टळते. एक ते दीड मिलिमीटर जाडीचे, न वाकणारे पिक घ्यावे. जुने वादक कासवाच्या पाठीच्या पिकची वाखाणणी करत, पण ते पिक हॉक्सबिल कासवाच्या कवचाचे असे. या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता बंद आहे आणि भारतातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. सेल्युलॉइड व इतर कृत्रिम द्रव्यांची पिक सर्रास मिळतात आणि उत्तम चालतात. सरोदवादकाचा जवा नारळाच्या करवंटीपासून घडवला जातो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कठीण आणि न वाकणाऱ्या पिकचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पिक धरण्याची रीत

तर्जनी किंचित दुमडून तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक ठेवावे आणि अंगठ्याचा मऊ भाग त्यावर टेकवावा. टोक चार-पाच मिलिमीटर बाहेर राहू द्यावे. पकड निसटणार नाही इतपतच घट्ट असावी. पिक आवळून धरले की ताण मनगटातून कोपरापर्यंत चढतो, आणि ताणलेला हात वेगात चालत नाही. पिक तारेला अगदी समांतर न धरता किंचित तिरपे धरले, तर त्याची कड तारेवरून सहज सरकते.

हालचाल मुख्यतः मनगटातून व्हावी आणि कोपराने तिला साथ द्यावी. मोकळी बोटे पेटीवर हलकेच घासत राहिली तरी चालतात, मात्र करंगळी रोवून हात जखडून टाकू नये. मनगट, कोपर किंवा खांदा दुखू लागला तर तेथेच थांबावे. दुखणे अंगावर काढून केलेल्या सरावाने हात कमावला जात नाही, कायमचा बिघडू शकतो.

दा-रा : खाली आणि वर

फ्लॅटपिकिंगचा सारा डोलारा एका नियमावर उभा आहे, तो म्हणजे एक आघात खाली आणि दुसरा वर. सतार किंवा सरोद जवळून ऐकलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. सरोदवर जव्याचा खाली जाणारा आघात ‘दा’ आणि वर येणारा ‘रा’. फ्लॅटपिकिंगची द्रुत धून म्हणजे दीर्घकाळ अखंड चाललेले ‘दा-रा-दा-रा’ होय.

मात्र हे आघात निव्वळ आलटून-पालटून येत नाहीत, ते मात्रेला बांधलेले असतात. चार मात्रा ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ अशा मोजल्या, तर अंकावर हात खाली जातो आणि ‘आणि’वर वर येतो. एखाद्या ‘आणि’वर स्वर नसला तरी हात वर येतोच, फक्त पिक तारेला न शिवता हवेतून जाते. उदाहरणार्थ, पहिल्या मात्रेवर एक दीर्घ स्वर आणि दुसऱ्या मात्रेत दोन ऱ्हस्व स्वर असतील, तर क्रम ‘खाली, (हवेत वर), खाली, वर’ असा होतो. तार कोणतीही असो, आघाताची दिशा मात्रेनेच ठरते. हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलत राहतो आणि धून त्यावर येऊन बसते.

हा नियम कंटाळवाणा वाटला तरी तो मोडण्याची किंमत मोठी असते. सोयीप्रमाणे दोनदा खाली मारून वेळ निभावण्याची सवय संथ लयीत खपून जाते. लय वाढली की नेमक्या त्याच जागी हात अडखळतो, आणि तोपर्यंत सवय पक्की झालेली असते. तीन तारांवरून लाटेसारखे फिरणाऱ्या ‘क्रॉसपिकिंग’ प्रकारात जॉर्ज शफ्लर यांच्यासारखे वादक ‘खाली-खाली-वर’ असा क्रम जाणीवपूर्वक वापरत. ती पुढची पायरी आहे. आधी मूळ नियम हातात भिनला पाहिजे.

पहिला पाठ : साथ

ब्लूग्रासच्या बैठकीत गिटारवादकाच्या वाट्याला एकलवादनाची एखादी फेरी येते. बाकीचा सारा वेळ तो साथ करत असतो, म्हणून शिक्षणाची सुरुवातही साथीनेच व्हावी. साथीचा मूळ साचा ‘खर्ज-झंकार-खर्ज-झंकार’ असा आहे. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर एकट्या जाड तारेवर वाजवायचा, दुसऱ्यावर वरच्या तारांवर कॉर्ड झंकारायची, तिसऱ्यावर दुसरा खर्ज स्वर, बहुधा पंचम, आणि चौथ्यावर पुन्हा झंकार.

जी कॉर्डमध्ये पहिला खर्ज सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि दुसरा मोकळ्या चौथ्या तारेवर मिळतो. सी कॉर्डमध्ये पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट आणि मग सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, तर डी कॉर्डमध्ये मोकळी चौथी आणि मग मोकळी पाचवी तार. तारांची मोजणी बारीक तारेपासून होते, म्हणजे सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी. या तीन कॉर्डवर शेकडो गाणी वाजतात.

ठेका स्थिर झाला की कॉर्ड जोडणाऱ्या छोट्या स्वरपंक्ती घ्याव्यात. जीवरून सीकडे जाताना सहावीचा तिसरा फ्रेट, मोकळी पाचवी, पाचवीचा दुसरा फ्रेट आणि पाचवीचा तिसरा फ्रेट, अशा चार स्वरांनी सीच्या मूळ स्वरावर उतरता येते. त्यानंतर लेस्टर फ्लॅट यांची जी-रन शिकावी. सहावीचा तिसरा फ्रेट, मोकळी पाचवी, पाचवीवर पहिल्या फ्रेटवरून दुसऱ्यावर बोट आपटून घेतलेले दोन स्वर, मोकळी चौथी, चौथीचा दुसरा फ्रेट आणि शेवटी मोकळी तिसरी, असा तिचा एक प्रचलित मार्ग आहे. जी हा षड्ज मानला तर हे स्वर सा, रे, कोमल ग, शुद्ध ग, प, ध आणि तार सा असे येतात. म्हणजे भूपाचेच पाच स्वर, त्यांत कोमल गंधाराचा ओझरता स्पर्श. एवढ्याशा स्पर्शानेच ती पंक्ती ब्लूग्रासची होते.

पहिली धून

फिडलच्या बहुतेक धुनांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ खंडांचा असतो आणि दोनदा वाजतो, म्हणून पूर्ण फेरी बत्तीस खंडांची होते. दुसरा भाग बहुधा वरच्या स्वरांत फिरतो. स्थायी-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला ही रचना लगेच उमगते.

धून घेण्यापूर्वी जीचा स्वरसप्तक मोकळ्या तारांच्या स्थानी बसवावा. सहावीवर तिसरा फ्रेट. पाचवीवर मोकळी, दुसरा, तिसरा. चौथीवर मोकळी, दुसरा, चौथा. आणि मोकळी तिसरी. प्रत्येक स्वर दोनदा, एकदा खाली आणि एकदा वर, असा वाजवावा. दोन्ही आघातांचा आवाज सारखा येतो का, हे डोळे मिटून ऐकावे. वरचा आघात सुरुवातीला दुबळा येतो आणि तो सुधारण्यात पहिले काही आठवडे जातात.

त्यानंतर ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ घ्यावी. तिचे स्वर सी कॉर्डच्या स्थानात सहज सापडतात आणि स्वरांमध्ये झंकाराला मोकळी जागा मिळते. पुढे ‘ओल्ड जो क्लार्क’, ‘सोल्जर्स जॉय’ आणि ‘व्हिस्की बिफोर ब्रेकफास्ट’ या धुना घेता येतील. ‘ब्लॅकबेरी ब्लॉसम’ वर्षभराने. अनेक धुना फिडलवर ए सुरात वाजतात. गिटारवादक अशा वेळी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्याच आकृत्या वाजवतो. त्यामुळे मोकळ्या तारांची घुमारदार साथ टिकते.

धून आधी कानात बसवावी आणि गुणगुणता येऊ लागली की मगच गिटार हाती घ्यावी. फ्रेटचे आकडे मांडलेली ‘टॅब’ लिपी सोयीची असली तरी तिच्यात धुनेचा झोक उतरत नाही.

सराव आणि लय

मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला दोन स्वर वाजवावेत. धून सलग तीन वेळा निर्दोष वाजली तर चार ठोके वाढवावेत, अडखळली तर आठ कमी करावेत. रोजचा वीस मिनिटांचा एकाग्र सराव आठवड्यातून एकदा केलेल्या तीन तासांच्या बैठकीपेक्षा अधिक फळतो. मुरलेल्या वादकांच्या बैठकीत धुना मिनिटाला दोनशेहून अधिक मात्रांच्या लयीत जातात. ती लय हे पहिल्या वर्षाचे ध्येय असू नये.

दर आठवड्याला एकदा स्वतःचे वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. वाजवताना न जाणवलेली लयीची ओढाताण ऐकताना लपत नाही. डाव्या हाताच्या बोटांनी फ्रेटच्या लगेच मागे तार दाबावी आणि सोडल्यावर तारेपासून फार दूर उडू नये. बहुतेकदा डाव्या हाताला इतकी शिस्त पुरते.

पावसाळ्यातील निगा

किनारपट्टीवरील वाचकाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि गोव्यातील पावसाळ्यात हवेतील आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते. लाकूड ओलावा पिऊन फुगते, पेटीचा वरचा पत्रा उचलला जातो, तारा वर येतात आणि जूनपर्यंत सहज वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये बोटे सोलू लागते. वाजवून झाल्यावर गिटार कडक पेटीत ठेवावी, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळच्या वेळी बदलाव्यात. समुद्राकाठी पोलादी तारा लवकर गंजतात, म्हणून प्रत्येक सरावानंतर त्या कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात. गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नये, कारण ओल तेथूनच येते.

धुनेची परीक्षा

गोव्यात गिटार नवी नाही. चर्चच्या गायनवृंदात, तियात्राच्या रंगमंचावर आणि लग्नाच्या बँडमध्ये ती ऐकू येते. कॉर्ड झंकारता येणारे हातही घरोघर आहेत. अशा हातांना फ्लॅटपिकिंगसाठी नव्याने शिकावे लागते ते एकेक स्वर मात्रेवर अचूक ठेवणे, आणि त्यासाठी आधी मिळवलेला वेग काही महिने बाजूला ठेवावा लागतो.

वॉटसन यांनी या धुना बसवल्या त्या नाचणाऱ्यांसाठी. म्हणून वाजवणाऱ्याची प्रगतीही त्याच कसोटीवर पाहता येते. मेट्रोनोम बंद करून एक धून संथ लयीत, दोन्ही भाग दोनदा, अशी अखेरपर्यंत वाजवावी आणि कोणाला तरी तिच्यावर पाय ठेक्यात धरायला सांगावे. त्या पायाला मध्येच थांबून वाट पाहावी लागली नाही, तर पहिला टप्पा पार झाला, आणि मग लय वाढवायला हरकत नाही.